ग्लॅडिओलसचा बहर सरल्यावर कंदांची निगा

नागपुरात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावलेल्या ग्लॅडिओलसची फुले फेब्रुवारीच्या सुमारास ओसरू लागली की अनेक जण रोपे मुळासकट उपटून टाकतात, आणि पुढच्या हंगामाचे खरे नुकसान तिथेच होते. फुले सुकताच फक्त दांडा छाटावा. किमान चार पाने शाबूत ठेवावीत, कारण पुढील सहा ते आठ आठवडे हीच पाने अन्न तयार करून जमिनीतील नवा कंद पोसत असतात. या काळात पाणी बेताचे द्यावे आणि पाने पिवळी पडू लागली की बंद करावे.

आपली काळी माती पूर्ण वाळली की इतकी घट्ट होते की खोदताना कंद हमखास चिरतात. म्हणून किंचित ओल असतानाच, रोपापासून वीतभर अंतर राखून खोदावे. वर आलेल्या गड्ड्यात तळाशी सुरकुतलेला जुना कंद, त्यावर टणक नवा कंद आणि भोवती वाटाण्याएवढी पिल्ले दिसतात. जुना कंद टाकून द्यावा. पिल्ले वेगळी जपावीत, मात्र त्यांना फुलायला एक-दोन हंगाम लागतात.

कंद सावलीत दोन-तीन आठवडे वाळवून, बुरशीनाशकाची भुकटी लावून कांद्याच्या जाळीदार पिशवीत ठेवावेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा गच्चीलगतची खोली टाळून तळमजल्यावरील हवेशीर जागा निवडावी. कूलरची खोलीही नको, कारण तिथल्या दमट हवेत कंद कुजतात. पावसाळ्यात दर पंधरवड्याला पिशवी रिकामी करून मऊ पडलेले कंद काढून टाकावेत.