मारियाची शिकायचंय? मग आधी उजवा हात बसवा

मारियाची हे मेक्सिकोचं संगीत, ते म्हटलं की आपल्याला मोठ्ठी टोपी, चांदीच्या बटणांचा ड्रेस आणि ट्रंपेट एवढंच आठवतं, पण ट्रंपेट त्यात पक्कं झालं ते विसाव्या शतकात, रेडिओच्या जमान्यात, त्याआधी पश्चिम मेक्सिकोतल्या हालिस्कोकडच्या खेड्यांत मुख्य कारभार तारवाद्यांचाच होता. म्हणून सुरुवात विवेलाने करा. छोटंसं वाद्य, पाच तारा, पाठीला कुबड. गिटार येत असेल तर डाव्या हाताचं टेन्शन नाही, गिटारची सगळ्यात जाड तार सोडून उरलेल्या पाच त्याच, फक्त त्यातल्या जाड तीन एक सप्तक वर लावलेल्या, त्यामुळे कॉर्ड्स सेम.

खरी गोची उजव्या हाताची. त्या हाताने तारा छेडायच्या तऱ्हेला तिकडे मानिको म्हणतात.

वाद्य हातात घ्यायच्या आधी हे करा. तोंडाने एक ते सहा मोजत राहा, डाव्या हाताने मांडीवर १ आणि ४ ला थाप, उजव्याने १, ३, ५ ला. डावा हात म्हणजे आपला दादराच, धा धिं ना, धा तिं ना, तो आपोआप चालतो, आणि तिथेच आपण फसतो, कारण सोन नावाच्या प्रकारात बऱ्याचदा एक आवर्तन तीन-तीनचं तर पुढचं दोन-दोन-दोनचं, आणि मी दर वेळी दुसऱ्या आवर्तनात दादऱ्यात घसरायचो. शेवटी सरांनी विवेला काढून घेतलं, अख्खी संध्याकाळ नुसत्या टाळ्या. राग आला होता, पण बसलं ते त्याच दिवशी.

हे जड जात असेल तर रांचेरा नावाच्या गाण्यांच्या प्रकाराने सुरू करा. तीनच्या ठेक्यात पहिली मात्रा गितारोनची, दुसरी-तिसरी विवेलाची, एवढंच. गितारोन म्हणजे तो ढोलाएवढा बेस, त्यात एकच स्वर दोन तारांवर सप्तकाच्या अंतराने एकदम ओढतात, पहिल्या आठवड्यात बोटांना फोड येणारच.

आता कुणी म्हणेल, अभ्यासच करायचाय तर वाजवायचं कशाला? संगीताचे अभ्यासक मँटल हुड यांनी १९६० मध्ये हेच मांडलं की दुसऱ्यांचं संगीत समजून घ्यायचं तर ते स्वतः वाजवता आलं पाहिजे, आणि त्यांच्याच यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांचा मारियाची ग्रुप उभा राहिला. डॅनियल शीही तिथलेच, वाजवणारे आणि लिहिणारे दोन्ही. मला हे शंभर टक्के पटतं, पण नुसतं वाजवूनही भागत नाही, कागदपत्रं चाळावी लागतात. उदाहरणार्थ मारियाची हा शब्द फ्रेंच फौजेबरोबर, लग्नासाठीच्या फ्रेंच शब्दावरून आला असं अजूनही छातीठोकपणे सांगतात, पण १८५२ च्या एका पाद्र्याच्या तक्रारीच्या पत्रात तो शब्द आहे, आणि फ्रेंच फौज मेक्सिकोत आली १८६० च्या दशकात. झालं, विषय संपला.

दुसऱ्यांना शिकवायची वेळ आली की नोटेशन लगेच वाटू नका, कागद मिळाला की पोरं ऐकणंच सोडतात. आधी गाऊन घ्या, मग टाळ्या, मग वाद्य.

आणि मेक्सिको सिटीला गेलात तर प्लाझा गारिबाल्दीला जाच, पण तिथे लोक पोटासाठी वाजवतात, फुकटात मोबाइल पुढे करू नका. आधी भाव विचारा, एक गाणं रीतसर सांगा, आणि उभं राहायचं ते विवेलावाल्याच्या उजव्या हाताच्या बाजूला.