गावाच्या कामाचा प्रस्ताव त्रुटीत का निघतो? या चुका टाळा

स्मशानभूमीचं शेड, वस्तीवरचा रस्ता, बंदिस्त गटार, पाण्याची टाकी. गावाला लागतं ते हेच, आणि यासाठी पैसे येण्याच्या वाटाही पाच-सहा आहेत: वित्त आयोग, जिल्हा नियोजन समितीचा निधी, जनसुविधा, पंचवीस-पंधरा (ग्रामविकास विभागाचा २५१५ क्रमांकाचा निधी), आमदार-खासदार निधी. तरी प्रस्ताव परत येतो, आणि बहुतेक वेळा तो जागा, लेखाशीर्ष (पैसे कोणत्या योजनेच्या खात्यातून मागायचे ते) किंवा ठराव यांपैकी कशावर तरी अडलेला असतो. या तिन्ही गोष्टी गावातच ठरतात, फाईल सोलापूरला जिल्हा परिषदेत पोचण्याच्या कितीतरी आधी.

उतारा न बघता काम सुचवणं

सर्वांत महागात पडणारी चूक ही. स्मशानभूमी पिढ्यान्‌पिढ्या वापरात असते, पण सातबारावर नाव एखाद्या शेतकऱ्याचं निघतं. मालक तोंडी म्हणतो, "करा की, गावाचंच काम आहे." खड्डे खोदायला माणसं आली की भावकीतला दुसरा हिस्सेदार हरकत घेतो आणि मंजूर झालेला निधी तसाच पडून राहतो. स्टँप पेपरवरच्या संमतीपत्राने मालकी बदलत नाही. जागा खासगी असेल तर आधी ग्रामपंचायतीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घ्या, त्याचा फेरफार मंजूर करून घ्या आणि नवा सातबारा फाईलला लावा. सातबारावर जितकी नावं असतील तितक्या सगळ्यांच्या सह्या लागतात, पुण्या-मुंबईला असलेल्या बहिणींच्यासुद्धा.

गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा जोडा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीच्या ठरावावर भागत नाही. मालकी शासनाची असल्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि तो अर्ज तहसीलदारांमार्फत जातो. याला वेळ लागतो, म्हणून हा कागद आधी हलवा आणि अंदाजपत्रकाच्या मागे नंतर लागा. रस्त्याचं काम असेल तर तो रस्ता कुणाचा हे विचारून घ्या. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. गावातून राज्य मार्ग जात असेल तर त्याच्या हद्दीतल्या गटारीलाही त्या विभागाचं ना हरकत पत्र लागतं.

चुकीच्या लेखाशीर्षाकडे मागणी करणं

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत (२०२१-२२ ते २०२५-२६) ६० टक्के रक्कम बंधित (फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी) आणि ४० टक्के अबंधित होती. ग्रामपंचायतीला १० लाख आले तर ३ लाख पाण्याला, ३ लाख स्वच्छतेला आणि उरलेल्या ४ लाखांतूनच रस्ता, सभागृह, पथदिवे. पगार आणि आस्थापना खर्च अबंधितमधूनही करता येत नाही. तरीही बंधितच्या पैशातून पेव्हिंग ब्लॉक सुचवले जातात, आणि ते परत येणारच. सोळाव्या आयोगाचा कालावधी १ एप्रिल २०२६ पासून आहे. जुनी टक्केवारी तशीच उतरवू नका, त्याचा शासन निर्णय समोर ठेवूनच आराखडा करा.

स्मशानभूमी आणि ग्रामपंचायत कार्यालयासाठी जनसुविधा योजना आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीचं काम समाजकल्याण विभागाकडे जातं, पण ती वस्ती पाच वर्षांच्या बृहत आराखड्यात असली पाहिजे. आराखड्यात नसेल तर कितीही निकडीचं काम असलं तरी मंजुरी मिळत नाही. वस्तीवरच्या लोकांनी आपल्या वस्तीचं नाव आणि नोंदलेली लोकसंख्या आराखड्यात स्वतः वाचून खात्री करावी, कारण मंजूर होणारी रक्कम लोकसंख्येवर ठरते. खासदार निधीतून धार्मिक स्थळाच्या आवारात काम करता येत नाही, म्हणून "मंदिराचा सभामंडप" असं लिहून तो प्रस्ताव पाठवू नका.

एकच काम दोन ठिकाणी मागितलं तर दोन्हीकडे अडकतं. हे काम दुसऱ्या कुठल्याही योजनेतून झालेलं किंवा प्रस्तावित नाही, असा दाखला फाईलमध्ये लागतोच.

ढोबळ ठराव

"गावात काँक्रीट रस्ता करण्यात यावा असे सर्वानुमते ठरले." या ठरावाचा उपयोग नाही. ठरावातल्या, अंदाजपत्रकातल्या आणि मागणी पत्रातल्या कामाच्या नावात एका शब्दाचा फरक नको. असं लिहा: "मौजे अमुक येथे दत्त मंदिर ते जिल्हा परिषद शाळा अंतर्गत रस्ता काँक्रिटीकरण करणे, लांबी १८० मीटर, रुंदी ३ मीटर." खाली सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक, सभेची तारीख आणि काम झाल्यावर देखभाल-दुरुस्ती ग्रामपंचायत करेल अशी हमी.

ग्रामसभेला गणपूर्ती हवी: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती संख्या. सभा तहकूब करून पुन्हा घेतली तर गणपूर्तीची अट नाही, पण तहकुबीची नोंद इतिवृत्तात दिसली पाहिजे. सह्या नंतर घरोघर फिरून घेतल्या की तक्रार होते आणि चौकशीत काम मागे पडतं. वित्त आयोगाचं काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आणि ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढलेलं नसेल तर त्याचं बिल निघत नाही. ही नोंद झाल्याची प्रिंट ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) मागून घ्या.

रक्कम आधी, मोजमाप नंतर

"दहा लाखांचं काम टाका" असं सांगितलं जातं आणि अभियंता आकडा बसवतो. आधी शाखा अभियंत्याला जागेवर न्या, टेप धरा. १८० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड रस्त्याला ८१ घनमीटर काँक्रीट लागतं. ठरावात रुंदी साडेतीन पडली तर हाच आकडा ९४.५ होतो, आणि मग रस्ता शाळेच्या अलीकडेच संपतो. १८ टक्के जीएसटी आणि १ टक्का कामगार उपकर धरला तर दहा लाखांतले प्रत्यक्ष कामाला साधारण ८ लाख ४० हजार उरतात. हे गावाला आधीच सांगा.

आपल्याकडची खरी अडचण मातीची. मंगळवेढ्याकडची काळी रानं ज्वारीला चांगली, पण रस्त्याखाली तीच माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगा पाडते आणि वरचं काँक्रीट तडकवते. त्यामुळे काळी माती काढणं, मुरमाचा थर देऊन पाणी मारून दबाई करणं आणि कडेने पाण्याचा निचरा या बाबी अंदाजपत्रकात आहेत का, ते वाचा. मुरूम कुठून येणार आणि किती किलोमीटर लांबून, हेही त्यात असतं. खाण जवळची दाखवली आणि खरी लांब निघाली तर ठेकेदार मुरमातच काटकसर करतो. या बाबी मागाहून घालायच्या म्हटलं तर सुधारित मान्यता लागते आणि निधी मात्र तेवढाच राहतो.

वेळ चुकवणं

विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी चालते. काम त्याच सभांमध्ये मांडा. आषाढी वारीच्या दिवसांत महसूल आणि जिल्हा परिषदेची यंत्रणा पंढरपूरच्या बंदोबस्तात गुंतलेली असते, तेव्हा त्या पंधरवड्यात फाईल हलेल या भरवशावर राहू नका. निवडणूक जवळ असेल तर प्रशासकीय मान्यतेवर समाधान मानू नका. कार्यारंभ आदेश मिळून जागेवर काम सुरू झालेलं असेल तरच ते आचारसंहितेत चालू राहतं.

शहरात हद्दवाढ भागातल्या सोसायट्यांची चूक वेगळी. लेआऊटमधली मोकळी जागा महापालिकेच्या ताब्यात आली आहे का हे न तपासता बागेची किंवा व्यायामशाळेची मागणी केली जाते. ताबा पावती आणि मंजूर लेआऊटची प्रत आधी झोन कार्यालयातून मिळवा.

त्रुटीचं पत्र आल्यावर

प्रस्ताव देताना टपाल शाखेत आवक क्रमांक टाकून पोच घ्या, नुसता टेबलावर ठेवून येऊ नका. त्रुटींचं उत्तर तुकड्या-तुकड्यांनी देऊ नका. पत्रातल्या प्रत्येक मुद्द्याला क्रमांक देऊन सगळे कागद एकाच पूर्तता पत्रासोबत द्या, नाहीतर दर खेपेला नवी त्रुटी निघते. फोटो तारीख आणि अक्षांश-रेखांश दिसणारे हवेत: काम सुरू होण्यापूर्वीचा, चालू असतानाचा आणि झाल्यावरचा, तिन्ही एकाच जागी उभं राहून काढलेले. पहिला फोटो राहिला तर तो नंतर काढता येत नाही. मागच्या कामाचं उपयोगिता प्रमाणपत्र (निधी त्याच कामावर खर्च झाल्याचा दाखला) थकलेलं असेल तर नवा प्रस्ताव नेण्याआधी ते लेखा शाखेत जमा करा आणि त्याचीही पोच नव्या फाईलला लावा.