कर्सरचा बिघाड शोधायला बसण्याआधी

प्रोग्राममधल्या एसक्यूएलच्या कर्सरवर (क्वेरीच्या निकालातल्या ओळी एकेक करून वाचायची सोय) फेचला, म्हणजे पुढची ओळ आणताना, डीबी२ डेटाबेसकडून -५०१ येतोय, एवढ्याच माहितीवर सोर्स उघडून बसू नका. कर्सर उघडा नाही, एवढंच तो कोड सांगतो. तो कुठे आणि का बंद झाला हे आधी घडून गेलेलं असतं. म्हणून सगळ्यात आधी त्या रनचा पूर्ण लॉग मिळवा आणि त्यातला पहिला ऋण एसक्यूएलकोड (प्रत्येक एसक्यूएल विधानानंतर मिळणारा निकालाचा आकडा, ऋण म्हणजे एरर) शोधा, शेवटचा नव्हे. ओपनलाच एरर आली होती, पण ती कुणी तपासली नाही आणि आरडाओरडा झाला फेचला, हा प्रकार फार नेहमीचा आहे. लॉगमध्ये तेवढं दिसत नसेल तर ओपन, फेच, क्लोज आणि कमिट (बदल कायम करणे) या चारही जागी डिस्प्ले, म्हणजे छापायचं विधान, घालून घ्या, कर्सरच्या नावासकट. एरर रुटीनमध्ये रोलबॅक (बदल मागे घेणे) असेल तर त्याआधी एसक्यूएलकोड दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये काढून ठेवा, कारण रोलबॅक चालला की एसक्यूएलसीए (हा कोड जिथे ठेवला जातो ती जागा) नव्याने भरतो आणि मूळ कोड गेला.

चाललेलं लोड मॉड्यूल (चालणारा प्रोग्राम) आणि बाइंड केलेलं पॅकेज (डेटाबेसमध्ये ठेवलेला त्याचाच एसक्यूएल भाग) एकाच प्रीकम्पाइलमधलं (सोर्समधलं एसक्यूएल वेगळं काढायची पायरी) आहे ना, हेही पाहून घ्या. डीबी२ मध्ये -८१८ (ही जोडी जुळत नाही) किंवा -८०५ (पॅकेज सापडत नाही) असेल तर कर्सरला हात लावायचं कारणच नाही.

आता कमिट. इथे वेळ घालवा, तो वसूल होतो. प्रोग्राममधले सगळे कमिट आणि रोलबॅक कागदावर उतरवून घ्या, कॉल केलेल्या सबरुटीनमधलेसुद्धा. लूपमध्ये दर १००० ओळींनी कमिट असेल आणि कर्सर विथ होल्डशिवाय (कमिटनंतरही कर्सर उघडा ठेवायची सूचना) डिक्लेअर केला असेल, तर पहिल्या १००० ओळी बिनबोभाट जातात आणि पुढच्या फेचला -५०१ येतो. विथ होल्ड लावला म्हणजे निश्चिंत, असंही नाही. कमिटनंतर तो कर्सर उघडा राहतो, पण पुढच्या ओळीच्या अलीकडे उभा असतो. फेच न करता व्हेअर करंट ऑफने (कर्सर ज्या ओळीवर आहे तीच ओळ) अपडेट केलंत तर -५०८ मिळेल, म्हणजे कर्सर कुठल्याच ओळीवर नाही. रोलबॅक मात्र विथ होल्डलाही जुमानत नाही. डेडलॉकमुळे (दोन प्रोग्राम एकमेकांच्या लॉकसाठी अडकून पडणे) -९११ आला की डीबी२ ने रोलबॅक स्वतःच केलेला असतो, त्यामुळे तिथून थेट पुन्हा फेच करणाऱ्या प्रोग्रामला -५०१ च दिसणार. डेडलॉकवरच येणाऱ्या -९१३ मध्ये हा रोलबॅक झालेला नसतो, म्हणून दोन्ही कोड एकाच इफमध्ये कोंबलेले असतील तर तिथे खूण करा. ओरॅकल डेटाबेसवर फॉर अपडेटचा (ओळी लॉक करून ठेवणारा) कर्सर चालू असताना कमिट केला की पुढच्या फेचला ओआरए-०१००२ येतो.

व्हेनेव्हर (एररसारखी अट आली की काय करायचं हे प्रीकम्पायलरला सांगणारी सूचना) कुठे कुठे आहे त्याची नोंद हवी. तो सोर्समध्ये जिथे लिहिलाय तिथून खाली, त्याच अटीचा पुढचा व्हेनेव्हर येईपर्यंत लागू होतो. प्रोग्राम कुठल्या क्रमाने चालतो याच्याशी प्रीकम्पायलरला देणंघेणं नाही. एरर रुटीनच्या सुरुवातीला व्हेनेव्हर एसक्यूएलएरर कंटिन्यू नसेल आणि त्यातल्याच रोलबॅकला एरर आली, तर प्रोग्राम तिथेच गोल गोल फिरत राहतो.

होस्ट व्हेरिएबलच्या (एसक्यूएलमध्ये वापरलेले प्रोग्रामचे व्हेरिएबल) किमती ओपनच्या क्षणी घेतल्या जातात. नंतर व्हेरिएबल बदलून फेच केलंत तरी ओळी जुन्याच शर्तीच्या येतील. क्लोज करून पुन्हा ओपन करावंच लागतं. कोणत्या कॉलमना नल (किंमतच नसणे) चालतो हे टेबलाच्या व्याख्येतून काढा आणि त्या प्रत्येकाला इंडिकेटर (नल आल्याचं सांगणारं व्हेरिएबल) आहे का बघा, नाहीतर नल आला की -३०५ ठरलेला.

लूप थांबवायची अटही तपासा. ओळी संपल्या की डीबी२ +१०० देतो. ओरॅकलच्या प्रो-सीमध्ये (सी प्रोग्रामसाठीचा प्रीकम्पायलर) मोड ओरॅकल असेल तर १४०३, मोड अन्सी असेल तर १००. अ‍ॅरे फेच (एका फेचमध्ये ओळींचा अख्खा गठ्ठा) असेल तर नीट लक्ष द्या: ओळी संपल्याचा कोड शेवटच्या अर्धवट गठ्ठ्यासोबतच येतो. तो दिसताच लूप तोडला की त्या गठ्ठ्यातल्या खऱ्या ओळी प्रक्रियेविना राहतात, आणि एरर कुठेच दिसत नाही. प्रो-सीमध्ये एसक्यूएलसीएतल्या एसक्यूएलईआरआरडी या यादीच्या तिसऱ्या घरातला, आणलेल्या ओळींचा आकडा ओपनपासूनची एकूण बेरीज असतो, त्यामुळे शेवटच्या गठ्ठ्यासाठी आधीची बेरीज वजा करायची.

टेस्टचा डेटाही आधीच लावून ठेवा: एकही ओळ नसलेला, एकाच ओळीचा, कमिटच्या टप्प्याइतका आणि त्याहून एक ओळ जास्त असलेला. अ‍ॅरे फेच असेल तर गठ्ठ्याच्या आकाराने पूर्ण भाग न जाणारा एक संचही हवा.