जुन्या लिनक्स संगणकासाठी हलका इमेज व्ह्यूअर कसा निवडावा

जळगाव जिल्ह्याच्या रावेर-यावल पट्ट्यातील शेतकऱ्याला केळीवर करपा या पानांवरील रोगाची शंका आली, की तो पानाचा फोटो मोबाइलवर काढून आमच्या कृषी सेवा केंद्रात पाठवतो. केंद्रातील संगणक जुना, २ जीबी रॅमचा, नवे विंडोज झेपेनासे झाल्यावर लिनक्सवर आणलेला आहे. करप्याची सुरुवात पानावरच्या बारीक पिवळसर रेघांनी होते, आणि त्या ओळखायच्या तर फोटो पूर्ण आकारात मोठा करून इकडेतिकडे सरकवत पाहावा लागतो. नेमका याच वेळी आमचा संगणक अडत असे, म्हणून योग्य इमेज व्ह्यूअर, म्हणजे फोटो उघडून पाहण्याचा प्रोग्राम, शोधण्यात मी बराच वेळ घातला.

प्रथम हे लक्षात घ्यावे, की रॅम प्रोग्रामपेक्षा फोटोच जास्त खातो. १२ मेगापिक्सेलचा जेपेग फोटो डिस्कवर तीन-चार एमबीचा दिसला, तरी उघडल्यावर त्याच्या प्रत्येक पिक्सेलला साधारण ४ बाइट लागतात. ४००० गुणिले ३००० गुणिले ४ असा हिशेब केला, तर ४ कोटी ८० लाख बाइट, म्हणजे सुमारे ४६ एमबी होतात. ४८ मेगापिक्सेलच्या फोटोला याच्या चौपट जागा लागते. त्यात व्ह्यूअर पुढचा फोटो आधीच उघडून ठेवत असेल, तर हा आकडा दुप्पट होतो. म्हणून फोटो पाठवणाऱ्यांना मोबाइलचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलवर ठेवण्याची विनंती करणे, हा कोणत्याही प्रोग्रामपेक्षा मोठा फायदा आहे.

दुसरी बाब डेस्कटॉपची, म्हणजे लिनक्सवर खिडक्या, मेनू आणि पॅनेल दाखवणाऱ्या प्रणालीची; लिनक्समध्ये असे अनेक डेस्कटॉप मिळतात. तुमच्याकडे एक्सएफसीई असेल तर रिस्ट्रेटो, एलएक्सडीई असेल तर जीपिकव्ह्यू आणि एलएक्सक्यूटी असेल तर एलएक्सइमेज-क्यूटी यांपासून सुरुवात करावी, कारण या व्ह्यूअरना लागणाऱ्या लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ते तयार कोड) डेस्कटॉपने आधीच रॅममध्ये घेतलेल्या असतात. ग्वेनव्ह्यू हा प्रोग्राम उत्तम आहे, पण तो केडीई या वेगळ्या डेस्कटॉपचा असल्यामुळे एक्सएफसीईवर बसवताना सोबत केडीईच्या कितीतरी लायब्ररी येतात. डेबियन किंवा उबंटू या लिनक्सवर एपीटी या प्रोग्राम बसवण्याच्या साधनाने काही बसवताना किती नवी पॅकेज येणार आणि डिस्कवर किती जागा जाणार, हे संमती मागण्यापूर्वीच दाखवले जाते. ती ओळ न वाचता एंटर दाबू नये.

ज्याला कीबोर्डची सवय आहे, त्याने ‘फेह’ अवश्य वापरून पाहावा. त्याला मेनूबार नाही, टूलबार नाही. टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून, फोल्डरचे नाव दिले, की फोटो समोर येतो, बाणाच्या कळांनी पुढे-मागे जाता येते आणि तारांकनाची कळ दाबली, की फोटो शंभर टक्के आकारात दिसतो. करप्याच्या रेघा तपासताना मला ही एक कळ सर्वांत उपयोगी पडते. एक सावधगिरी मात्र बाळगावी: नुसती डिलीट कळ फोटो फक्त यादीतून काढते, पण कंट्रोलसह डिलीट दाबल्यास फाइल डिस्कवरूनच जाते. केंद्रात अनेक जण संगणक हाताळत असतील, तर मी फेहऐवजी जीपिकव्ह्यूच सुचवेन, कारण त्याची बटणे पाहताक्षणी कळतात. वेलँड या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर चालणाऱ्या डेस्कटॉपसाठी ‘आयएमव्ही’ हा तसाच साधा पर्याय आहे. ‘एसएक्सआयव्ही’ या आणखी एका व्ह्यूअरचे काम थांबलेले असून ते ‘एनएसएक्सआयव्ही’ या नावाने पुढे चालू आहे, त्यामुळे नव्याने घेताना ‘एनएसएक्सआयव्ही’च घ्यावा. शेकडो फोटो छाटायचे किंवा दोन फोटो शेजारी ठेवून तुलना करायची असेल, तर ‘गीकी’ हा व्ह्यूअर थोडा जड असूनही योग्य ठरतो.

निवड पक्की करण्यापूर्वी स्वतःच्याच फोटोंवर चाचणी घ्यावी. तुमच्याकडचा सर्वांत जड फोटो, मोबाइल उभा धरून काढलेला एक फोटो आणि एक वेबपी (इंटरनेटवर वापरले जाणारे फोटोचे स्वरूप) फाइल अशा तीन फाइल एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात. जड फोटो उघडण्यापूर्वी आणि उघडल्यानंतर टर्मिनलमध्ये ‘फ्री’ ही आज्ञा देऊन ‘अव्हेलेबल’ (शिल्लक रॅम) या रकान्यातील आकडा पाहावा आणि स्वॅपचा, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरील जागेचा, वापर वाढतो का, तेही पाहावे. स्वॅप जुन्या हार्ड डिस्कवर असेल, तर संगणक रखडण्याचे कारण बहुतेक वेळा तेच असते. उभा फोटो आडवा दिसला, तर तो व्ह्यूअर फोटोतील एक्झिफ माहिती (मोबाइल कसा धरला होता वगैरे कॅमेऱ्याने केलेली नोंद) वाचत नाही, असे समजावे. फेहमध्ये त्यासाठी ऑटो-रोटेट हा पर्याय आहे. वेबपी उघडली नाही, तर बहुधा त्या स्वरूपाची लायब्ररी बसवलेली नसते, त्यामुळे लगेच व्ह्यूअर बदलण्याची घाई करू नये.

चाचणीत टिकलेला व्ह्यूअर फाइल मॅनेजरमधून जेपेग, पीएनजी आणि वेबपी या तिन्ही प्रकारांसाठी वेगवेगळा डीफॉल्ट करावा लागतो. आमच्याकडे पीएनजी राहून गेले होते, आणि मोबाइलचे स्क्रीनशॉट कित्येक दिवस जुन्या, जड प्रोग्राममध्येच उघडत होते.