जॉनी सेनची काडी: पोरांना बॉलची फिरकी शिकवताना

जॉनी सेन १९४८ साली बोस्टन ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाकडून २४ सामने जिंकलेला पिचर, म्हणजे बॉल टाकणारा खेळाडू. पण मला तो जास्त आवडतो कोच म्हणून. १९६८ मध्ये डेट्रॉइटचा पिचर डेनी मॅक्लेन ३१ सामने जिंकला, तेव्हा त्याचा पिचिंग कोच सेनच होता. पिचरांना नुसतं पळवत बसणं त्याला पटत नसे. बॉल रोज हातात हवा, असं तो मानायचा. त्यासाठी त्याने बॉलमधून काडी आरपार घालून एक साधं यंत्र बनवलं होतं.

न्यू जर्सीत लेकीसाठी मी तेच घरी केलं. जुना बॉल घ्या. फोर-सीम पकडीत, म्हणजे दोन बोटं शिवणीवर आडवी ठेवून धरा आणि डाव्या-उजव्या बाजूंच्या बरोबर मध्यावर पेनने खुणा करा. बॉल शिकंज्यात घट्ट आवळूनच ड्रिल चालवा. हातात धरून अजिबात नको. आतली लोकर ड्रिलला गुंडाळते, म्हणून थांबत थांबत, दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं भोक पाडा. काडी सैल बसायला हवी.

आता डाव्या हातात काडी आडवी धरून उजव्या हाताची बोटं बॉलच्या मागून खाली ओढायची. बॉलचा वरचा भाग आपल्याकडे आला की फिरकी बरोबर. काडी जराशी तिरकी झाली की लाल टाके लगेच तिरके फिरताना दिसतात. लेकीला माझ्या शंभर सूचनांनी जे कळलं नव्हतं, ते त्या तिरक्या फिरणाऱ्या टाक्यांनी एका संध्याकाळी कळलं.

रोज दहा मिनिटं पुरे. कर्व्हबॉलची, म्हणजे हवेत वळणाऱ्या बॉलची, घाई लहान वयात नकोच.