कर्करोगाचे उपचार सुरू असताना मुलांचा व्यायाम कसा ठरवावा

मुलावर कर्करोगाचे उपचार सुरू झाले की घरातील सगळे त्याला अंथरुणातून उठू देईनासे होतात; पाणी, पुस्तक, जेवण सारे हातात येऊ लागते. यामागे मायाच असते, परंतु शरीरावर तिचा परिणाम उलटा होतो. दिवसेंदिवस पडून राहिल्याने मांड्यांचे स्नायू झिजू लागतात, आणि उपचारात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइड औषधे असतील तर मांड्या व खुबे आणखी अशक्त होऊन हाडांची घनताही घटते. उपचारांमुळे येणारा थकवा केवळ झोपून जात नाही; बेताची, नियमित हालचाल केल्यास तो बहुधा हलका होतो. लहान व किशोरवयीन रुग्णांसाठी 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचा गाभाही हाच आहे, की कर्करोग झालेल्या प्रत्येक मुलासाठी हालचाल महत्त्वाची आहे आणि थोडी हालचालसुद्धा उपयोगाची असते. निरोगी मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली रोज सरासरी किमान 60 मिनिटांची हालचाल या काळात गाठण्याचा आग्रह मात्र धरू नये.

सुरुवात करण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि शक्य असल्यास फिजिओथेरपिस्टला स्पष्ट प्रश्न विचारावेत. पायाच्या हाडाचा कर्करोग असल्यास त्या पायावर किती भार द्यायचा हे अस्थिशल्यचिकित्सकांनीच ठरवायचे असते, कारण गाठीने पोखरलेले हाड साध्या उडीनेही मोडू शकते. मेंदूतील गाठीनंतर तोल जात असेल, तर व्यायामाच्या वेळी कोणीतरी हाताच्या अंतरावर उभे असायला हवे. डॉक्सोरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिन ही हृदयावर परिणाम करू शकणारी औषधे दिली जात असतील तर हृदयाच्या तपासणीचा अहवाल काय सांगतो हे विचारून घ्यावे.

त्यानंतरचा निर्णय मात्र रोजचा आहे. महिन्याभराचे पक्के वेळापत्रक आखून ते पाळायला लावणे मला योग्य वाटत नाही, कारण केमोथेरपीच्या एकाच चक्रात मुलाची ताकद आठवड्यागणिक बदलते. ताज्या रक्ततपासणीचा अहवाल हाताशी ठेवावा. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, 50,000 च्या खाली असतील तर वजन उचलणे, उड्या मारणे, सायकलवरून पडण्याचा संभव असलेले खेळ आणि धक्काबुक्कीचे खेळ सहसा बंद ठेवतात. त्या 20,000 च्याही खाली गेल्यास अंथरुणातील किंवा खुर्चीतील सौम्य हालचाली डॉक्टरांना विचारूनच कराव्यात. हिमोग्लोबिन फार उतरले असेल तर चालण्याचा वेळ कमी करून मध्ये मध्ये बसवावे. पांढऱ्या पेशी कमी असताना गर्दी टाळावी, पण घरात किंवा स्वतःच्या खोलीत फिरण्यास त्यामुळे अडचण नसते. या सीमा ढोबळ आहेत. आपल्या रुग्णालयाने वेगळे आकडे दिले असतील तर तेच पाळावेत.

घोट्यांकडे विशेष लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. रक्ताच्या कर्करोगात व इतर अनेक कर्करोगांत दिले जाणारे व्हिन्क्रिस्टीन हे औषध हातापायांच्या नसांना इजा करते. मग चालताना पाऊल जमिनीवर आपटते, बोटे घासतात, मूल वारंवार अडखळते आणि टाचांवर चालून दाखव म्हटले तर त्याला पंजे उचलता येत नाहीत. हळूहळू पोटऱ्या आखडत जातात, म्हणून लक्षणे दिसण्याची वाट न पाहता पहिल्या आठवड्यांपासूनच ताण देण्याचा व्यायाम सुरू करणे चांगले. मुलाला पाय सरळ पसरून बसवावे, टॉवेल चवड्याखाली घालून त्याची दोन्ही टोके त्याच्या हातात द्यावीत आणि गुडघा न वाकवता पंजा हळूहळू स्वतःकडे ओढायला सांगावे. पोटरीत ताण जाणवावा, दुखू नये. 20 ते 30 सेकंद थांबून सोडावे आणि प्रत्येक पायाला असे तीन वेळा, रोज करावे. पंजा लुळा पडत असल्याचे दिसले तर ते फिजिओथेरपिस्टला लगेच सांगावे, कारण पायाला आधारपट्टी लागू शकते. तळव्यांची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून चालताना सैल चपला न घालता घट्ट बसणारे बूट घालावेत.

मांड्यांसाठी हात न टेकता खुर्चीतून उठणे आणि सावकाश बसणे हा व्यायाम पुरेसा आहे. पाच वेळा जमले की दुसऱ्या दिवशी सहा. दमसास वाढवण्यासाठी चालणे, नाचणे, लहानग्यांबरोबर फुगा जमिनीवर पडू न देण्याचा खेळ यांपैकी काहीही चालेल. करता करता बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागणे ठीक. सलग अर्धा तास जमत नसेल तर दहा दहा मिनिटांचे तुकडे करावेत. सलाईन सुरू असतानाही परिचारिकेच्या परवानगीने स्टँड सोबत घेऊन वॉर्डात फेरी मारता येते. छातीतून किंवा दंडातून बाहेर येणारी नळी असेल तर तिला ओढ बसू देऊ नये आणि पोहायला जाऊ नये.

किशोरवयीन मुलांना आज्ञा दिलेली चालत नाही. कोणता व्यायाम, कोणत्या वेळी, कोणत्या गाण्यांवर, हे त्यांनाच ठरवू द्यावे. केस गेलेल्या, वजन बदललेल्या शरीराने इतरांसमोर व्यायाम करण्याचा संकोच वाटत असेल तर दार बंद करू द्यावे. स्टिरॉइडमुळे सांध्यातील हाडाचा रक्तपुरवठा बिघडण्याचा धोका याच वयात अधिक असतो, तेव्हा खुबा किंवा गुडघा सतत दुखू लागला तर तो व्यायामाचा दुखरेपणा समजून सोडून देऊ नये.

छातीत दुखणे, चक्कर, धडधड, न थांबणारा दम किंवा कुठूनही रक्त येणे यांपैकी काही झाल्यास व्यायाम तिथेच थांबवून डॉक्टरांना कळवावे. ताप 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असेल तर त्या दिवशी व्यायामाचा विचारच नको; लगेच रुग्णालयाशी संपर्क साधावा. आजारपणात खंड पडला तर पूर्वीच्या निम्म्यापासून पुन्हा सुरुवात करावी. उपचार संपल्यावर खेळाच्या संघात परतण्याची किंवा व्यायामशाळेत जड वजने उचलण्याची घाई होते, पण हृदयावर परिणाम करणारी औषधे घेतलेल्या मुलांनी त्याआधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी.