बारालाचा ओलांडताय? या चुका टाळा

मनाली-लेह रस्ता वर्षातले काही महिनेच उघडा असतो, म्हणून प्रत्येकाला घाई. त्या घाईतून होणाऱ्या चुका बघून बघून मी थकलोय.

सगळ्यात घातक चूक म्हणजे मनालीहून निघून पहिला मुक्काम थेट बारालाचा खिंडीपलीकडच्या सरचूला ठोकणं. मनाली साधारण २,००० मीटरवर, सरचू ४,२०० च्याही वर. एका दिवसात एवढं चढलं की विरळ हवेची सवय व्हायला शरीराला वेळच मिळत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला, रोहतांगचा घाट टळला आणि ही चूक करणं आणखी सोपं झालं.

आम्हीही पहिल्या खेपेला हेच केलं. सुमारे ४,८९० मीटरवरच्या बारालाचावर तासभर बर्फात खेळलो, सगळे ठणठणीत. सरचूच्या तंबूत एका मित्राने जेवणाचं ताट न शिवताच बाजूला सारलं. डोकं ठणकतंय म्हणाला. रात्री दोनपर्यंत तीन उलट्या. उभं करून सरळ चालायला सांगितलं, तर पाऊल भलतीकडेच पडत होतं. तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची खूण. त्यावर खाली उतरण्याइतका खात्रीचा उपाय नाही. आणि सरचूची खरी अडचण तिथेच कळते: मनालीच्या बाजूला उतरायचं तर आधी पुन्हा बारालाचा चढावा लागतो, लेहकडे जावं तर नकीला आणि लाचुलुंग या खिंडी आडव्या. तंबूवाल्याने दिलेला ऑक्सिजन लावून, अंधारात खिंड ओलांडून त्याला केलाँगच्या दवाखान्यात नेला. दारच्याच्या खाली आल्यावर त्याने पाणी मागितलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून मी दारच्याच्या अलीकडे जिस्पाला, म्हणजे सुमारे ३,२०० मीटरवर, दोन रात्री काढतो. मग पहाटे निघून रात्रीपर्यंत लेह. सरचूला फक्त चहा. ‘उंचीच्या त्रासावरची गोळी घेतली की झालं’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो आणि घालत राहीन. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या, पण तिच्या भरवशावर मुक्काम गाळू नका.

दुसरी चूक उशिरा निघण्याची. ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी गुडघ्याला लागतो. बारालाचाच्या अलीकडच्या झिंगझिंगबारच्या पुढचे नाले मी उन्हं तापायच्या आत पार करतो.

केलाँगच्या अलीकडे तांदीला इंधनाची टाकी काठोकाठ भरा. लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड ठेवा. आणि रस्ता उघडल्याची बातमी आली की लगेच गाडी काढू नका. आपल्या गाडीला सोडतायत का, ते केलाँगला विचारून मगच पुढे जा.